दापोलीत आपला कोण हाय?

पोषण आहाराची पोती गाडीतून उतरली की माझी सही व्हायच्या आधी गोदा एकेक पोतं कवेत घेऊन जरासं उचलून बघायची. "बाई, ह्या पोता हलका हाय," म्हणायची. गाडीवाला हसायचा. काट्यावर घातलं की बहुतेक वेळा ते हलकंच निघायचं.

गोदा भुवड आमच्या अंगणवाडीत मदतनीस आणि मी सेविका. रत्नागिरीहून पाली, आणि पालीहून आत वळलं की आमची वाडी. इतकी वर्षं तिच्याबरोबर काम केल्यावर मला एक कळून चुकलं होतं. ही बाई कुणाबद्दल वाईट बोलत नाही, पण विश्वासही कुणावर टाकत नाही. दूधवाल्याने एखाद्या दिवशी माप सोडून जास्त दूध घातलं तर दुसरी बाई खूश होईल. गोदा भांडं हातात धरून तशीच उभी राहायची. ह्याने आज जास्त का घातलं?

तसं व्हायला कारणही होतं. लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नवरा शिवा मुंबईत, औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला. लग्नाची रजा संपली तसा तो गेला. मग शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, एखाद्या वर्षी मे महिन्यात. बाकी सगळं वर्ष घरात गोदा, अंथरुणाला खिळलेली सासू, म्हातारा सासरा, पुढे मुलगी निशिगंधा. आणि दाराबाहेर भाताची खाचरं. एकदा भावकीतल्या कुणीतरी बांधावरचा दगड हातभर आत सरकवला. गोदाने तो दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, एकटीने ढकलत परत जागेवर नेला. त्यानंतर रोज संध्याकाळी ती बांधाला एक फेरी मारून यायची. दुसरी माणसं घराला राखण म्हणून कुत्रा पाळतात, तसा तिने संशय पाळला होता. आणि तो भुंकायचा ते उगाच नाही.

सासऱ्याने जायच्या आधी रस्त्याकडचा तुकडा तिच्या नावावर केला. मुलाच्या नाही, सुनेच्या. वाडीत पुष्कळांना ते रुचलं नाही. शिवाला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आता हायवे रुंद झाल्यापासून पांढऱ्या गाड्यांतून माणसं येतात आणि काच खाली करून विचारतात, हा तुकडा कुणाचा?

गेल्या वर्षी शिवाचा कारखाना गुजरातेत हलला आणि शिवा घरी आला. कायमचा.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, चला, गोदाच्या नशिबी आता तरी सोबत आली. पण ती सोबत गोदाला पचेना. शिवाला पहिल्या पाळीची सवय. काळोखातच उठून पडवीत बसायचा. पहिल्या काही दिवसांत दोनदा गोदाने त्याला चोर समजून कोयती उचलली होती. अंथरुणाची घडी तो स्वतः घालायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवून. जेवला की आपली ताटली आपण धुवून उपडी घालायचा. पाहुणा भिडस्त असला की करतो तसं. बोलणं म्हणजे, "भात?" "बास." मग टीव्ही. शेतातलं सगळं गोदाला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. तो विचारायचा नाही, ती सांगायची नाही.

डिसेंबर लागला. भाताची झोडणी होऊन पेंढा रचून झाला होता, आणि एका संध्याकाळी चुलीजवळ पाटावर बसल्या बसल्या शिवा म्हणाला, "आपण एक दिवस जाऊया कुठंतरी. एक रात रहायचा, दुसऱ्या दिवशी परत."

"कोणाचा लगीन हाय?"

"लगीन नाय."

"मग कोण आजारी हाय?"

"कोण आजारी नाय गो. असाच. आपण दोघांनी."

तव्यावरची भाकरी उलटायचं गोदा विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती काढली आणि आपल्या ताटात घेतली. मग, भाजीवाल्याची पारख करायला आधी उगाच दुसऱ्याच भाजीचा भाव विचारावा तसं ती म्हणाली, "वेळणेश्वरला जाऊया मग. देवाचा दर्शन पण होईल."

"देवळात किती वेळ जाणार? मग समोर समुद्र. काळोख पडला की गप खोलीत बसायचा."

"पूर्णगडला माझी मावसबहीण हाय. ताजी मासळी खाऊ, किल्ला बघू."

"नात्यातला कोण नको." शिवाने मान हलवली. "दापोलीला जाऊ. स्टँडवर उतरला की सगळा चालत. रिक्षा नको, काय नको. बाजारपेठ मोठी हाय. कॉलेजची पोरं असतात, दुकानांत दिवे असतात, माणसांची ये-जा असते."

"दापोलीत आपला कोण हाय?"

"कोण नाय. म्हणून तर."

ते 'म्हणून तर' गोदा रात्रभर मनात उलटसुलट करत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मटकी निवडताना तिने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "जा की. हौस आहे त्यांना." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्या कटात सामील आहे.

"बाई, हौस इतकी वर्षं कुठं होती? आणि दापोलीतली दुकानं ह्यांना ठाऊक कशी? मुंबईहून यायचे ते सरळ घरी."

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. पंधरवड्यापूर्वी शिवा पीएफच्या कामाला रत्नागिरीला जातो म्हणून पहिल्या गाडीने गेला आणि शेवटच्या गाडीने आला. लंगडत. चप्पल काढली तर टाच सोललेली. तिने हळद आणि खोबरेल लावलं, विचारलं, हे कशाने? तो म्हणाला, रांग होती.

"रांगेत उभ्या माणसाची टाच सोलते होय बाई? पाय अवघडतील. टाच चालून सोलते."

मी मटकीतला खडा काढून बाजूला टाकला.

शेजारच्या सोनूबाईकडे मात्र उत्तर तयार होतं. ती परड्याच्या कुंपणापलीकडून म्हणाली, "पुरुषमाणूस उतरत्या वयात बायकोला फिरवायला नेतो म्हणतो, तेव्हा दोनच गोष्टी असतात. एक तर दुसरी बाई असते, मनाला टोचणी लागलेली असते. नायतर सही पायजे असते. तुझा तो रस्त्याकडचा तुकडा सांभाळ हो!"

गोदा तशी सोनूबाईचं ऐकणारी नाही. पण त्याच संध्याकाळी ती गोठ्यात होती आणि शिवा फणसाखाली उभा राहून फोनवर बोलत होता. तिथे रेंज बरी मिळते. तिला तुटक तुटक ऐकू आलं. "होय, दोघंच... नाय नाय, मागची खोली नको, रस्त्याकडची द्या..." आणि मग, आवाज खाली आणून, "नाय, तिला अजून काय सांगितला नाय."

तिने विरारला निशिगंधाला फोन लावला. निशिगंधा हसली. "आई, जा ना गं! बाबा घेऊन जातायत तर जा." ती हसली म्हणून गोदाला वाटलं, हिलाही काहीतरी ठाऊक आहे.

तरी ती निघाली. "नाय गेले तर कळणार कसा?" मला म्हणाली. पण तयारीने निघाली. आधार कार्ड छोट्या पाकिटात घालून ते झंपरच्या आत ठेवलं. आणि चष्मा मुद्दाम घरी, डाळीच्या डब्यामागे ठेवला. कुणी कागद पुढे केलाच तर सांगायचं, मला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. दिसत नाही त्यावर मी सही करत नाही.

हातखंब्याला उभं राहिलं तर दापोलीची गाडी भरून येते, म्हणून शिवा तिला आधी उलटं रत्नागिरीला घेऊन गेला. स्टँडवर गाडी लागताच त्याने रुमाल टाकून खिडकीची जागा धरली. खिडकी तिला दिली. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून कंडक्टरने "एक फुल, एक हाफ" म्हटलं. गाडी हातखंब्याला पोचली तेव्हा दारात लोंबकळलेली माणसं तिने पाहिली आणि मनात म्हणाली, हे खरं निघालं. पण माणूस दहा खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळतो, हेही तिला ठाऊक होतं.

संगमेश्वर गेलं, चिपळूण गेलं. हायवेची धूळ खाऊन खाऊन गाडी खेडहून वर चढायला लागली. वळणांवर शिवा खांदा घट्ट धरून बसायचा, तिच्या अंगावर भार पडू नये म्हणून. बोलला फारसं नाही. एकदा म्हणाला, "मळमळता काय?" ती म्हणाली, "नाय." आणि दापोली येईपर्यंत तेवढंच.

स्टँडवर उतरल्यावर गार वारा लागला. गोदाने शाल गुंडाळून घेतली. शिवा म्हणाला, चहा घेऊया. स्टँडबाहेरच्या टपरीवाल्याने दोघांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"या काका! या वेळी काकींना पण आणलंत वाटतं?"

गोदाने चहाचा ग्लास हातात घेतला तो तसाच धरून ठेवला. पोळत होता तरी. शिवा गडबडीने म्हणाला, "होय, होय," आणि दुसरीकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. कान लाल झालेला नवरा तिने लग्नात एकदाच पाहिला होता.

या वेळी. म्हणजे आधीची वेळ होती. तिने काही विचारलं नाही. बांधावरचा दगड सरकलेला दिसला की ती आधी आरडाओरडा करत नसे. आधी आणखी कुठे कुठे सरकलाय ते बघून यायची.

लॉज बाजारपेठेच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. मॅनेजर तरुण होता. त्याने दोघांचं आधार मागितलं. गोदाने पाठ फिरवून पाकीट काढलं, कार्ड दिलं, आणि तो नंबर लिहून घेईपर्यंत त्याच्या हाताकडे एकटक बघत राहिली. वहीवर सही करा म्हणाला तेव्हा तिने सांगितलं, "मला दिसत नाय. चष्मा नाय आणलेला."

शिवा चकित होऊन म्हणाला, "चष्मा इसरलीस?"

"इसरले."

मॅनेजर म्हणाला, "राहू दे, काकांची चालेल." खोली रस्त्याकडची होती. खिडकीतून खाली भांड्यांचं दुकान, चपलांचं दुकान, फळांच्या गाड्या. गोदाने पलंगाखाली पाहिलं, मोरीची कडी लावून पाहिली, दाराला आतून अडसर आहे ना ते बघितलं.

उन्हं कलल्यावर ते बाहेर पडले. आणि तिथून पुढे, गोदा मला म्हणाली, शिवा दुसराच माणूस झाला. घरी दोन शब्द न बोलणारा शिवा बोलायला लागला. तिच्याकडे चष्मा नव्हता, पाट्यांवरची अक्षरं लागत नव्हती; तर तो एकेक पाटी वाचून दाखवायला लागला. हे सोनाराचं. हे बियाण्याचं. इथे लिहिलंय, उधार मागून लाजवू नये. इथे 'मासळी मिळेल', आणि खाली कुणीतरी खडूने लिहिलंय, 'सोमवारी नाय'. गोदाला हसू आलं, ते तिने शालीत लपवलं.

रस्त्यावर पोरंपोरी घोळक्याने चालत होती. कृषी विद्यापीठातली असावीत. एक मुलगी वडापाव खात मैत्रिणीला मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती. गोदाकडे कुणी बघत नव्हतं. आमच्या वाडीत ती दारातून बाहेर पडली की चार घरं विचारतात, गोदा कुठे निघालीस? इथे कुणाला पडलेलीच नव्हती.

पण शिवाला वाटा ठाऊक होत्या. हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. "इकडनं गेलो की भाजीमंडई." "ह्या बोळात चढ हाय, पुढच्यातून जाऊ." एके ठिकाणी तर तो म्हणाला, "तुला बाथरूमला जायचा असेल तर तिथं बायकांचा स्वच्छ हाय." गोदा जागच्या जागी थांबली. पुरुषाला हे ठाऊक कसं? हे बाईनेच सांगितलेलं असणार. दुसऱ्या कुणी नाही.

दिवे लागले तेव्हा तो तिला एका खानावळीत घेऊन गेला. चार टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, आत चुलीचा धूर. दारातच एक बाई उभी होती. गोदाच्याच वयाची, कपाळ मोकळं, केस घट्ट बांधलेले, हाताला पीठ. शिवाला पाहून ती हसली.

"आलात का? बरा झाला का पाय?"

मग गोदाकडे वळून म्हणाली, "बसा वहिनी. मी आनंदीबाई. तुमच्याबद्दल सगळं विचारून घेतलंय मी ह्यांच्याकडून."

गोदा बसली. तिला त्या बाईची प्रत्येक गोष्ट दिसायला लागली. पातळ स्वच्छ होतं. बोलणं गोड होतं. शिवाच्या ताटात तिने न विचारता सोलकढी ठेवली. 'बरा झाला का पाय.' म्हणजे तो पाय हिच्या दारात सोलला होता. आणि आपण त्याच पायाला हळद लावली.

"हात धुवून येते," म्हणून गोदा उठली आणि मोरीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात शिरली. आनंदीबाई तव्यावर बांगडे टाकत होती.

"आमचे हे किती वेळा आले इथं?" गोदाने विचारलं.

आनंदीबाईने मागे वळून पाहिलं. बाईला बाईचा चेहरा वाचायला वेळ लागत नाही. तिने उलथनं खाली ठेवलं.

"एकदाच. भर दुपारी. रक्ताने चप्पल भिजलेली. मी म्हटलं, बसा आधी, पाय धुवून घ्या. कशाला एवढे चाललात, तर म्हणाले, गाव बघतोय. बायकोला आणायचंय." ती थांबली. "मला वाटलं, माणूस जरा वेडसर आहे. विचारत होते, ह्या रस्त्याने चाललं तर किती वेळ पुरेल? आणि त्या रस्त्याने? मी म्हटलं, पुरेल म्हणजे काय? तर म्हणाले, संध्याकाळ जायला हवी ना."

"आणि बायकांच्या बाथरूमचा?"

"ते मीच सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणून. विचारताना मान खाली घालून विचारलंन हो." आनंदीबाई पुन्हा तव्याकडे वळली. "माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली वहिनी. ते होते तेव्हा असं काही विचारायला कधी कुठे गेले नाहीत. तुम्ही बसा. बांगडा करपेल माझा."

गोदा बाहेर येऊन बसली. जेवली. बांगडा चांगला होता. पण तिचं समाधान झालं नव्हतं. खोटं बोलणारी बाई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, नाही का?

जेवून ते पुन्हा रस्त्यावर आले. दुकानं अजून उघडी होती, आइस्क्रीमच्या गाडीभोवती पोरांची गर्दी होती. शिवा एका कपड्याच्या दुकानाची पाटी वाचायला लागला तेव्हा गोदा म्हणाली, "पाटी राहू दे. सही कुठं पायजे ते सांगा."

"कसली सही?"

"रस्त्याकडच्या तुकड्याची. मी देणार नाय. म्हाताऱ्याने माझ्या नावावर केलाय तो."

शिवा तिच्याकडे बघतच राहिला. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"तुला तसा वाटला?"

"मग काय वाटेल? रत्नागिरीला जातो म्हणून सांगितला आणि इथं येऊन पाय सोलून घेतला. फोनवर म्हणता, तिला काय सांगितला नाय. निशी हसते. टपरीवाला ओळखतो, खानावळवाली ओळखते. मीच तेवढी परकी."

शिवाने पाऊल पुढे टाकलं. मग चालता चालता, तिच्याकडे न बघता बोलायला लागला. समोर बघून बोलणं त्याला सोपं जात असावं.

"वेळणेश्वरला गेलो असतो, तर समुद्रासमोर बसून तू माझ्याशी काय बोलली असतीस? सांग. मी काय बोललो असतो? घरात आपल्याला 'भात' नि 'बास' ह्याच्या पुढं शब्द नाय. मी आलो तेव्हापासून बघतोय. तू शेतातला काय बोलशील, मला कळत नाय. मी कारखान्यातला काय सांगू, तो कारखानाच नाय. मुंबईत मी सुट्टी झाली की चालायचो. दुकानं बघत. रोज. कायतरी दिसायचा, हसायला यायचा, पण सांगायला बाजूला कोण नसायचा. खोलीवर जाऊन झोपायचो. म्हणून म्हटला, आपण असा एक गाव शोधू, जिथं चालता येईल आणि कायतरी दिसत राहील. दिसला की माणूस बोलतो. आधी बघून गेलो, कारण... उगाच तुला एवढ्या लांब आणली आणि संध्याकाळ सातालाच संपली तर?"

"मग खरा का नाय सांगितला?"

"खरा सांगितला असता तर तू म्हणाली असतीस, बाजार बघायला दापोलीला जाता, येडे झालाव काय."

गोदा मला म्हणाली, "बाई, मी अगदी असाच म्हटला असता. शब्दाला शब्द."

तरीही तिने त्याला "बरं" म्हटलं नाही. आइस्क्रीम घेऊया का, असं त्याने विचारलं. थंडीत कशाला, ती म्हणाली. मग घेतलं.

सकाळी गोदाला नेहमीसारखी लवकर जाग आली. शिवा मात्र झोपला होता. घरी आल्यापासून पहिल्यांदा तो तिच्यानंतर उठणार होता. तिने हळूच अडसर काढला, जिना उतरली आणि एकटीच चालायला लागली. फिरायला नव्हे. पडताळायला.

आधी गेली टपरीवर. "काल तू म्हणालास, या वेळी काकींना आणलंत. ह्याआधी किती वेळा आले होते?"

"एकदाच की काकी. उतरल्यावर चहा प्यायला नि परत जाताना. तेव्हा लंगडत होते. मी म्हटलं, काका, रिक्षा करायची. तर म्हणाले, रिक्षाने गेलो तर मला कळणार कसं?"

"बरोबर कोण होता?"

"कोणी नाही हो."

आनंदीबाईचं आणि ह्याचं जुळत होतं. दोघं एकमेकांना ओळखत असतील? गोदाने तेही विचारलं. टपरीवाल्याने विचारलं, कोण आनंदीबाई?

तिने चहा घेतला. धुक्यात स्टँडवर गाड्या लागत होत्या. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक माणूस धावत आला. पायात लॉजच्या रबरी सपाता, अंगात बनियन, त्यावर तिची शाल कशीतरी गुंडाळलेली. शिवा होता.

त्याने तिला पाहिलं नाही. तो सरळ स्टँडवर शिरला आणि रत्नागिरीच्या गाडीजवळ गेला. खिडकीखालून टाचा उंच करून आत बघायला लागला. एका खिडकीतून दुसरीत. मग आत चढला, शेवटपर्यंत जाऊन खाली उतरला. कंडक्टरला काहीतरी विचारलं, हाताने उंची दाखवली, लुगड्याचा रंग सांगत असावा. कंडक्टरने मान हलवली. मग तो खेडच्या गाडीकडे धावला.

गोदा टपरीच्या फळीआड उभी राहून बघत होती. हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण तिने मारली नाही. लगेच नाही. त्याचा चेहरा तिला बघायचा होता. इतक्या वर्षांत शिमगा, गणपती आटोपून निघताना तो तिला सोडून जायचा आणि ती वाटेवर उभी राहायची. तिला कुणी असं शोधलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"खेडची गाडी पण तपासू दिली मी त्यांना," ती मला म्हणाली. "मग हाक मारली."

"काय बोलले?"

"माझ्यासमोर येऊन उभे राह्यले, धापा टाकत. मग जे काय ओरडले बाई! स्टँडवरची माणसं बघायला लागली. कुठं गेलेलीस, सांगून जाता येत नाय, मला वाटला तू रागावून गेलीस घरी. मी पण ओरडले. म्हटला, तुमी सांगून आला होतात काय त्या दिवशी? टपरीवाल्याने दोघांना चहा दिला तेव्हा थांबलो."

त्यानंतर ते त्याच कपड्यांत बाजारातून परत लॉजवर गेले. भांड्यांच्या दुकानाचं शटर वर जात होतं. शिवा बनियनवर होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती, हे गोदाच्या लक्षात आलं. दुपारच्या गाडीने ते निघाले. गाडीत बोलले का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. शिवा चिपळूणपर्यंत झोपला, डोकं तिच्या खांद्यावर पडलं, ते तिने सरळ केलं, ते पुन्हा पडलं.

मी हे गोड करून सांगणार नाही. घरी आल्यावर सगळं बदललं असं काही झालं नाही. जेवताना टीव्ही अजून चालू असतो. गोदा संध्याकाळी बांधाला फेरी मारायला जाते. शिवा कधी बरोबर जातो, कधी नाही. एकदा ती त्याला म्हणाली, तुमी तिथून बघा, मी इथून बघते, आणि नंतर मला सांगितलं, "ते नीट बघतात की नाय ते मी मागून बघून आले."

पण एक गोष्ट वाडीने नोंदवली. पूर्वी भुवडांच्या घरातून टीव्हीशिवाय आवाज येत नसे. आता भांडण ऐकू येतं. सोनूबाई कुंपणाशी येऊन कान देते आणि तिला काही सापडत नाही म्हणून चिडते. परवा मी अंगणवाडीची चावी आणायला गेले तेव्हाही दोघं पडवीत बसून वाद घालत होते. शिवा म्हणत होता, होळी झाली की राजापूरला जाऊ, तिथे जुनी बाजारपेठ आहे. गोदा म्हणत होती, राजापूरला चढउतार फार, तुमची टाच अजून कोवळी हाय, देवरूखला जाऊ.

"देवरूखला काय हाय बघण्यासारखा?"

"तुमी गेलाव काय कधी?"

"नाय."

"मग कशाला बोलता?"

त्यांनी मला चावी दिली नाही. दोघांनाही मी आल्याचं कळलंच नव्हतं.